खिळ्याएवढं भोक

माझी रेनॉ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी.
उतारावर तिला मी पेट्रोल पाजत नाही,
किल्ली फिरवून इंजिन गप्प करतो
आणि अंतानानारिवोच्या टेकड्या आम्हाला फुकट खाली सोडतात.
चढ मात्र रोखीचा.

आज अंबोहिजातोवोच्या चढावर, ऐन मध्यात,
ती दोनदा ठसकली
आणि बसली.
मागच्या सीटवर मादाम व्होलातियाना,
मांडीवर टोपली, टोपलीत तीन बदकं.
पोहोचणार ना, हे त्यांनी विचारलं नाही.
बदकांनी विचारलं.

चाकामागे वीट लावली.
वीट माझ्याकडे असतेच.
ब्रेकबद्दल पुन्हा कधी बोलू.

जुन्या गाडीला दोनच प्रश्न विचारायचे,
तोवोनिरिना म्हणायचा,
ज्याच्या गॅरेजात मी चार वर्षं नुसते पाने पुसले:
ठिणगी पडते का?
पेट्रोल येतं का?
बाकी सगळं तुझं अज्ञान.

प्लगची वायर उपसून लोखंडाजवळ धरली,
मादामना म्हटलं, पुढे या, किल्ली फिरवा.
बदकांसकट आल्या, फिरवली.
निळी. कडक, तडतडीत निळी ठिणगी.

मग पंप. दुपारचं ऊन,
नळीतल्या नळीत वाफ झाली असेल.
फडका भिजवून पंपावर ठेवला,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा,
आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहिलो
कारण मागे आता मिनीबस होती
आणि तिच्या कंडक्टरला माझ्या आईबद्दल बरंच काही ठाऊक होतं.

सुरू झाली!
शंभरेक पावलं चालली.
पुन्हा ठसका, पुन्हा वीट.

शेंगा विकणारा पोरगा म्हणाला, काका, कंडेन्सर गेला.
पोरगं असेल नऊ वर्षांचं.
कंडेन्सर गेला नव्हता.
कार्ब्युरेटरचा जेट काढून तोंडाने फुंकला,
जिभेवर पेट्रोल, दातांत पेट्रोल.
फुंकताना बरं वाटतं,
आपण काही करतोय असं.
जेट आधीच स्वच्छ होता.

मग थुंकायला वाकलो
आणि कॅन दिसला.

टाकी कधीच गंजून गेली,
आता पेट्रोल पिवळ्या कॅनमध्ये, शेजारच्या सीटच्या पायाशी.
कॅनचे गाल आत गेले होते.
पार खोल, दोन्ही बाजूंनी,
खोकला दाबून धरलेल्या पोरीसारखे.

आणि झाकण लाल.
माझं झाकण निळं आहे,
मधोमध भोक, तापल्या खिळ्याने पाडलेलं.
तेवढ्यातून वारा आत गेला
तरच पेट्रोल बाहेर येतं.

रात्री कॅन घरात न्यावा लागतो.
गाडीत राहिला तर सकाळी रिकामा.
घर म्हणजे एकच खोली,
मियाली त्या वासाने खोकते.
काल तिनंच कुठून तरी हे घट्ट झाकण शोधलं,
दोन्ही हातांनी आवळलं.
मला सांगितलं नाही.
सांगितलंही असेल,
मी पैसे मोजत होतो.

झाकण सैल केलं.
सुस्स् करून कॅननं श्वास घेतला,
गाल डब्बकन भरून आले.
बदकं दचकली.

खिशात खिळा होता.
तो खिशातच राहू दिला.
झाकण अर्धा आटा सैल ठेवून
म्हटलं, मादाम, पाय जरा वर घ्या.
उरलेला चढ त्या पाय वर घेऊनच आल्या.
उतरताना पाचशे आरियारी जास्त दिल्या,
किंवा सुटे नव्हते त्यांच्याकडे.

आता निळं दिवसाचं, लाल रात्रीचं.
दिवसा लाल झाकण आरशाला दोऱ्यानं टांगतो,
बायकोनं लावलेल्या क्रुसाशेजारी.
चढाला दोन्ही एकमेकांवर आपटतात.
नवा उतारू कान देऊन ऐकतो,
विचारतो, काही सैल झालंय का गाडीत?

हो, म्हणतो.